चैत्रातली कातरणे

शिंप्याने बेतलेल्या कापडातून पोलके उतरले की त्याच्या पायाशी जे पडते, ते कापड म्हणून हिशेबात धरले जात नाही आणि केर म्हणून टाकवतही नाही. गळ्याच्या कापातून निघालेला लंबगोल तुकडा, मुंढ्याशी सुटलेली बाकदार पाकळी, बाहीच्या कडेची बोटभर रुंद पट्टी, क्वचित एखाद्या खणाचा जरीकाठ, अशा नाना जिनसांचे गाठोडे नेरळ, कर्जत किंवा खोपोलीच्या बाजारपेठेतील कोणत्याही जुन्या शिंप्याच्या दुकानात कोपऱ्यात पडलेले असते आणि मागणाऱ्याने संकोच टाकून तोंड उघडले, तर ते बहुधा विनामोबदला हाती पडते. या गाठोड्यातून सणाच्या शोभेसाठी करता येणाऱ्या कापडी अंड्यांचा, पाखरांचा, कोयऱ्यांचा आणि सशांचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. या वस्तू ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरसाठी युरोपात मोठ्या हौसेने शिवल्या जातात, हे खरे. परंतु त्यांचा हंगाम, त्यांचे सामान आणि त्यांच्यामागची काटकसरीची बुद्धी ही तिन्ही आपल्या चैत्राशी इतकी मिळतीजुळती आहेत की कर्जत-खालापूरच्या माणसाने त्या परक्या समजण्याचे काही कारण नाही.

हंगामाचा मेळ काही योगायोगाने बसलेला नाही. ख्रिस्ती धर्मपीठाने ईस्टरचा दिवस चंद्रावरून ठरविला आहे: वसंतसंपाताचा दिवस म्हणून मानलेल्या २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. त्यामुळे हा सण २२ मार्चच्या अलीकडे आणि २५ एप्रिलच्या पलीकडे कधी जात नाही. आणि ती पौर्णिमा आपल्या पंचांगात पुष्कळदा चैत्री पौर्णिमाच असते. २०२२ साली हनुमान जयंती १६ एप्रिलला झाली आणि दुसऱ्याच दिवशी ईस्टर आला. २०२३ साली हनुमान जयंती गुरुवारी, गुड फ्रायडे शुक्रवारी आणि ईस्टर रविवारी, असे तिन्ही दिवस एका आठवड्यात पडले. एखाद्या वर्षी, जसे २०२४ साली झाले, ही पौर्णिमा फाल्गुनात जाते आणि मग ईस्टरचा रविवार होळीच्या पाठोपाठ आणि पाडव्याच्या आधीच उरकतो. तात्पर्य, कातरणांचे गाठोडे होळीच्या सुमारास सोडावे आणि अक्षय तृतीयेला चैत्रगौरीची बोळवण होईपर्यंत ते मिटू नये, एवढी मुदत या कामाला पुरते.

ईस्टरचा प्रत्यक्ष संबंध या मुलखाशी आला तो माथेरानमुळे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे हा डोंगर चढून गेले आणि त्यांच्या मागोमाग तेथे बंगले उठले. ठाण्याच्या कलेक्टराचा येथे संबंध काय, असे आजच्या वाचकाला वाटेल, तर त्या काळी कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातच मोडत असे आणि खालापूर हा त्या तालुक्याचा एक पेटा होता. पुढे १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या द्रव्यबळावर नेरळहून अरुंद रुळांची आगगाडी वर गेली. मुंबईचा उकाडा असह्य झाला की गोरी कुटुंबे माथेरान गाठीत, आणि एप्रिलमध्ये पडणारा ईस्टर नेमका या उन्हाळी हंगामाच्या तोंडाशी येई. अँग्लिकन पंथाचे सेंट पॉल चर्च आणि रोमन कॅथॉलिकांचे देऊळ अशी दोन प्रार्थनास्थळे त्या डोंगरावर आजही उभी आहेत. तेव्हा डोंगरावर ईस्टर आणि पायथ्याच्या वाड्यांत गुढीपाडवा हा शेजार येथे शतकाहून अधिक काळाचा आहे.

तथापि चिंध्या जोडून वस्त्र करण्याची या खोऱ्याची परंपरा इंग्रजांच्या आगमनाहून फारच जुनी आहे. कर्जतच्या आग्नेयेस, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडिवड्याजवळ कोंडाण्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या काळात खोदलेल्या या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर, कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. येथे जे भिक्षू वर्षावासाला राहत, त्यांचे चीवर अखंड कापडाचे नसे. उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, रंगवून शिवलेले वस्त्र भिक्षूने ल्यावे असा आदर्श होता, आणि दात्याने नवे कापड दिले तरी ते फाडून, तुकडे करून, पुन्हा जोडून वापरावे असा दंडक होता. कारण तुकडे केलेल्या कापडाला बाजारात मोल उरत नाही आणि चोराची नजर त्यावर जात नाही. विनयपिटकात अशी कथा आहे की, मगध देशातली बांधबंदिस्ती केलेली भातशेते पाहून बुद्धाने आनंदाला विचारले, याच नमुन्याचे चीवर तुला करता येईल काय. आणि आनंदाने लांब पट्ट्या, आखूड पट्ट्या व त्यांच्यामधले बांध यांची योजना करून ते शिवून दाखविले. राजमाचीच्या वाटेवरून भाद्रपदात खाली उल्हासेच्या खोऱ्याकडे पाहावे. कर्जत-३ आणि कर्जत-७ या भाताच्या वाणांना ज्या गावाने आपले नाव दिले, त्याच्या भोवतीची खाचरे, आणि प्रत्येक खाचराचा हिरवा रंग शेजारच्याहून थोडा निराळा, अशी ती जोडाजोडी पाहिली की आनंदाला दिलेला नमुना कसा असेल हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या घरची गोधडी, बाळाचे दुपटे आणि कुंची ही सारी याच वंशातली.

युरोपात मात्र तुकडेजोडीच्या कामाला जी प्रतिष्ठा आली, तिच्यामागे धर्माहून कायदाच अधिक होता, आणि तो कायदा आपल्याच कापडावर होता. सुरत, बुऱ्हाणपूर, मच्छलीपट्टणम येथील छिटांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या स्त्रियांना अशी भुरळ घातली की तेथील लोकर व रेशीम विणणारे कारागीर दंगे करू लागले. पार्लमेंटाने १७०० साली छापील हिंदी कापडाची घरगुती वापरासाठीची आयात बंद केली आणि १७२१ साली छापील सुती कापड अंगावर घालणे किंवा घरात वापरणेच बेकायदेशीर ठरविले. हा निर्बंध १७७४ पर्यंत उठला नाही. एवढ्या अवधीत जुन्या छिटीचा प्रत्येक तुकडा मोलाचा झाला. फाटलेल्या पडद्यातले एखादे फूल किंवा पक्षी कडेने कातरून पांढऱ्या कापडावर टाचायची रीत त्या स्त्रियांत रूढ झाली, ती या दुर्मिळतेमुळेच. हिंदी कापडाच्या चिंधीला जो मान हिंदुस्थानात कधी मिळाला नाही, तो तिला लंडनच्या दिवाणखान्यात मिळाला, हा इतिहासाचा एक मिस्कीलपणा म्हणावा.

अंड्याचे प्रयोजन सोपे आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मध्ययुगीन युरोपात अंडी वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र या निषेधाची वर्दी नसल्यामुळे, आणि वसंतात त्या अधिकच अंडी घालीत असल्यामुळे, उपवास सुटण्याच्या दिवशी घरोघर अंड्यांचा मोठा साठा शिल्लक राही. ती रंगवून वाटण्याची वहिवाट पडली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या जमाखर्चात ४५० अंडी सोनेरी वर्खाने व रंगाने सजविण्यासाठी १८ पेन्स पडल्याची नोंद आढळते. ससा या सणात शिरला तो जर्मनीकडून: १६८२ साली गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ नावाच्या वैद्याने, आल्सास प्रांतात ससा अंडी घालतो व ती बागेत लपवतो असे मुलांना सांगतात, हे नमूद करून ठेवले आहे. सशाने अंडी घालावी हे विचित्र खरे. पण पौर्णिमेशी सशाची सांगड घातलेली पाहून, ज्यांच्या भाषेत चंद्राला शशांक म्हणतात आणि ज्यांच्या जातककथांत अतिथीसाठी अग्नीत उडी घेणारा ससा चंद्रबिंबावर कायमचा रेखला गेला, त्या आपल्याला नवल वाटू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला नियम असा की, आधी आकृती ठरवून तिच्यासाठी तुकडा शोधू नये. तुकडा समोर पसरावा आणि त्याच्या अंगी कोणता आकार आहे ते पाहावे. खोल गळ्याचे पोलके बेतताना पाठीतून जो तुकडा सुटतो तो अर्धे अंडेच असतो. मुंढ्याच्या कापाला जो बाक असतो त्यातून कोयरी विनासायास उतरते. लांब पट्ट्या पाखरांना लागतात, आणि जरीकाठाचे तुकडे कोठेच बसत नाहीत असे वाटते तेव्हा ते शेपटीला कामी येतात. नव्या, अखंड, वाराने विकत आणलेल्या कापडाची अंडी शिवणाऱ्यांचा एक वर्ग शहरांतून निघाला आहे. त्यांची अंडी सुबक होतात, पण सगळी सारखी होतात, आणि गाठोड्याने जी अनपेक्षित रंगसंगती दिली असती तिला ते मुकतात.

कापडाची पारख करणे अगत्याचे आहे. मऊ मलमल, धुऊन धुऊन विरविरीत न झालेले जुनेर, पोलक्याचे सुती कापड हे उत्तम. गुळेदगुड्डचा खण दिसायला देखणा, पण त्याचे धागे कडेने भराभर सुटतात. म्हणून खण कातरण्यापूर्वी रेघेवर खळ लावून वाळवावी आणि शिवणीला नेहमीहून दुप्पट माया सोडावी. मुंबईहून कर्जतला येणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर असलेल्या उल्हासनगरात जीनच्या कापडाच्या चिंध्या उदंड निघतात, परंतु ते कापड अशा लहान कामाला जाड पडते. उलटताना कोपरे निघत नाहीत. कापड सुती की कृत्रिम याची शंका आली तर एक धागा काढून जाळावा: सुताची राख होते, आणि कृत्रिम धाग्याचा वितळून टणक मणी बनतो.

पांढरी कातरणे घरीच रंगवावीत, आणि यासाठी ही मोसमाची वेळ फार अनुकूल आहे. होळीच्या सुमारास या डोंगरउतारांवर पळस फुललेला असतो; त्याची खाली पडलेली फुले वेचून सावलीत वाळवावीत, पाण्यात उकळावीत, आणि तुरटीच्या पाण्यातून काढलेले कापड त्या अर्कात भिजत ठेवावे म्हणजे पिवळ्यापासून नारिंगीपर्यंतच्या छटा मिळतात. हळद याहून सोपी, पण तिचा रंग उन्हात टिकत नाही आणि साबण लागताच लाल पडतो. हा दोष हेतुपुरस्सर वापरता येतो: हळदीत रंगविलेल्या तुकड्याला दोऱ्याच्या गाठी मारून तो चुन्याच्या निवळीत क्षणभर बुडवला, तर पिवळ्यावर कुंकवाकडे झुकणारी लाल नक्षी उमटते. ती पक्की नव्हे. पण टांगून ठेवायच्या, कधी न धुवायच्या वस्तूला पक्क्या रंगाची आवश्यकता तरी काय? ईस्टरचा धार्मिक रंग पांढरा आहे आणि त्याआधीच्या उपवासकाळाचा जांभळा, म्हणून ख्रिस्ती घरासाठी शिवताना पांढऱ्या-पिवळ्याचे प्राबल्य ठेवावे. चैत्रगौरीच्या आराशीला असे बंधन नाही.

आत भरायला काय? सरकी काढलेला कापूस चालतो, जुन्या उशीतला पिंजून घेतलेलाही चालतो. पण या मुलखाला निसर्गाने दिलेली खरी देणगी म्हणजे सावरीचा कापूस. काटेसावर माघ-फाल्गुनात पाने टाकून लाल फुलांनी लहडते आणि चैत्र-वैशाखात तिची बोंडे तडकून आतला रेशमासारखा कापूस वाऱ्यावर सुटतो. याचे तंतू आतून पोकळ आणि अंगाने किंचित मेणचट असतात; म्हणून त्याचे सूत नीट निघत नाही, परंतु तो वजनाला नगण्य आणि फुगायला मोठा. टांगायच्या वस्तूला याहून योग्य भरण नाही, कारण भाराने दोरा ताणत नाही आणि वाऱ्याच्या झुळकीवर पाखरू फिरत राहते. बोंडे पूर्ण तडकण्याच्या एकदोन दिवस आधी उतरवावीत आणि पिशवीत उन्हात ठेवावीत. भरताना पंखा बंद करावा, नाकाला फडके बांधावे. अन्यथा अर्धा कापूस अंड्यात आणि अर्धा घरातल्या सर्वांच्या नाकात जातो.

अंड्यासाठी चार पाकळ्या लागतात. सव्वादोन इंच उंचीच्या अंड्याला प्रत्येक पाकळी साडेतीन इंचांहून थोडी अधिक लांब आणि पावणेदोन इंच रुंद कातरावी. यात शिवणीची माया आली. पाकळीची सर्वाधिक रुंदी अगदी मध्यावर न ठेवता किंचित खाली ठेवावी, नाहीतर अंडे न होता लिंबू होते. कापडाचा उभा धागा पाकळीच्या लांबीत यावा. उरेब कातरले तर भरताना एक बाजू ताणून पोट सुटते, आणि मग कितीही कापूस भरला तरी आकार सावरत नाही. दोन दोन पाकळ्या उलट बाजूने बारीक धावदोऱ्याने जोडाव्यात, मग त्या दोन जोड्या एकत्र आणाव्यात. टोकाशी चारही शिवणी एका बिंदूत मिळणे हीच या कामाची परीक्षा, आणि ती उतरण्यासाठी प्रत्येक शिवण टोकाच्या दोन धागे अलीकडे थांबवून गाठ मारावी. शेवटच्या शिवणीच्या मध्यावर इंचभर तोंड उघडे राखावे. टोकाशी राखले तर मिटल्यावर तेथे कायमची वळकटी राहते. बाकावर शिवणीपर्यंत न पोचणारे खाचे द्यावेत, अंडे उलटावे, दोन्ही टोकांत आधी चिमटी चिमटीने कापूस काडीने सारावा आणि पोट मागाहून भरावे. मिटवताना टाके दोन्ही कडांच्या घडीच्या आतून घ्यावेत, म्हणजे दोरा ओढला की तोंड आपोआप मिटते आणि टाका दिसत नाही.

पाखराला एवढी यातायात नाही. चार इंच लांब आणि दोन इंच रुंद पट्टी घ्यावी, सुलटी बाजू आत ठेवून मधोमध दुमडावी, म्हणजे दोन इंचांचा चौकोन होतो. एक बाजू घडीने मिटलेली असते. उरलेल्या तिहींपैकी घडीच्या समोरची आणि तळाची अशा दोन शिवून घ्याव्यात व उलटावे. राहिलेले तोंड मात्र होते तसे मिटू नये: ते आडवे धरावे, म्हणजे घडी आणि शिवण एकमेकींसमोर मध्यावर येतात, आणि कापूस भरून तसेच शिवले की सपाट चौकोनाचा चार टोकांचा शिंगाडा उभा राहतो. एका टोकाला लाल दोऱ्याचे दोन टाके म्हणजे चोच, समोरच्या टोकात शिवण्यापूर्वी खोचलेला जरीकाठ म्हणजे शेपूट, काळ्या दोऱ्याच्या गाठी म्हणजे डोळे. डोळ्यांसाठी गुंजा शोभतात खऱ्या, पण गुंज फोडून चावली गेली तर विषारी असते. लहान मुलांच्या घरात तिचा मोह टाळावा. अशी पाखरे आपल्याकडे पाळण्यावर टांगीतच असत, आणि पिवळ्या कापडाची केली की तीच ईस्टरची कोंबडीची पिल्ले होतात. ससा शिवायचा तर अंड्यालाच दोन लांब कान जोडावेत, याहून अधिक खटाटोप कापडाच्या लहान तुकड्यात साधत नाही आणि करूही नये.

सजवण्याची जागा ज्याने त्याने आपल्या रिवाजाप्रमाणे निवडावी. ख्रिस्ती घरी वाळक्या डहाळीवर किंवा वेताच्या करंडीत अंडी मांडतात. हिंदू घरी पाडव्याला दारावर कोयऱ्यांचे आणि पाखरांचे तोरण लावता येते, ज्याच्या वरच्या पट्टीला त्रिकोणी घड्यांचे कंगोरे द्यावेत. चैत्रगौरीच्या झोपाळ्यावर हीच पाखरे, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या सवाष्णींसोबतच्या मुलांना, डाळ-पन्ह्याबरोबर एकेक पाखरू हाती द्यावे. अलीकडे बाजारात वीतभर काठीला खणाचा तुकडा गरम डिंकाने चिकटवलेल्या तयार गुढ्या मिळतात. त्यांवर टाका एकही नसतो, आणि दुसऱ्या पाडव्यापर्यंत डिंक सुटून खण एकीकडे व काठी एकीकडे होते. निऱ्या घालून दोन टाके मारायला डिंक गरम करण्याहून अधिक वेळ लागत नाही.

सण उरकल्यावर या वस्तू तशाच टांगून ठेवण्याचा आळस कर्जतकराला परवडणारा नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागला की माथेरानच्या पायथ्याची हवा चार महिने कोरडी होत नाही. सुती कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, कापूस दमट होऊन गोळा होतो, आणि खळ लावलेल्या खणाला कसर लागते. म्हणून आगोटीच्या कामांत, पापड-कुरडया उन्हात पडतात त्याच दिवसांत, सारी अंडी-पाखरे एकदा कडकडीत तापवावीत. हळदीत रंगवलेल्यांवर मात्र पातळ फडके पसरावे. निवल्यावर ती वेखंडाच्या तुकड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत, आणि ज्या अंड्याची शिवण उसवली असेल ते डब्यात न घालता तेव्हाच शिवून टाकावे. कारण गणपतीच्या मखराला तोरण हवे म्हणून डबा उघडला जातो तेव्हा सुई शोधायला कोणालाच सवड नसते.